तोंडात लोखंड नसलेला लगाम

मिरजगाव नगर–सोलापूर रस्त्यावर आहे. या रस्त्याने दिवसभर उसाचे ट्रॅक्टर आणि कांद्याचे ट्रक धावतात, आणि दिवाळी झाली की त्यांच्या कडेकडेने धनगरांचे वाडेही निघतात. पुढे बायका आणि घोडी, मागे पुरुष आणि मेंढरे. घोडीच्या पाठीवर अख्खे बिऱ्हाड असते. भांडी, धान्याची पोती, घोंगड्या, वाघुरीची जाळी, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, आणि कधी कधी या सगळ्याच्या वर बसवलेले एखादे पोर. समोरून एसटी हॉर्न वाजवत येते. घोडी कान टवकारते, एक पाऊल बाजूला टाकते आणि चालत राहते. तिच्या तोंडात काहीही नसते. नाकावरून आणि कानांमागून गेलेली दोरीची मोरकी, आणि तिचे टोक एका बाईच्या हातात, तेही बहुधा सैल.

हे छोटे पुस्तक त्या मोरकीवर आधारलेले आहे. घोड्याच्या तोंडात लोखंडी कडी न घालता त्याला वळवता, थांबवता आणि चालवता येईल असा लगाम कसा बेतायचा, कसा शिवायचा आणि कसा विकायचा, एवढाच त्याचा विषय. शहरातले घोड्याचे शौकीन असा लगाम परदेशी नवलाई म्हणून मागवतात आणि त्याचे भरपूर पैसे मोजतात. त्याच वेळी सीनेच्या आणि भीमेच्या खोऱ्यात शेकडो घोडी त्याच तत्त्वाच्या दोरीवर पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत आणि त्याची कुणी दखल घेतलेली नाही. आपल्याकडचा बिनकडीचा लगाम या मोरकीतून वाढवावा, बाहेरच्या नमुन्याची नक्कल करून नव्हे, असे माझे मत आहे. पुढची पाने त्याच मताची आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

यावर लगेच येणारी हरकत मला ठाऊक आहे, आणि ती खरी आहे. दोर धरून शेजारून घोडा चालवणे वेगळे आणि पाठीवर बसून त्याला आवरणे वेगळे. मोरकीचा दोर हनुवटीखाली एकाच जागी बांधलेला असतो. तो ओढला की घोड्याला ‘ये’ एवढेच कळते. डावीकडे की उजवीकडे, हे कळत नाही. स्वाराला दोन्ही बाजूंची ओढ लागते, आणि घाबरलेल्या जनावराला थांबवण्याचा भरवसा लागतो. लोखंडी कडीने हा भरवसा दिला, म्हणून ती टिकली.

ती टिकली फार मोठा काळ. कझाकस्तानातल्या बोताई संस्कृतीच्या अवशेषांत, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे 3500 च्या काळात, घोड्यांच्या दातांवर लगामाच्या झिजेच्या खुणा आहेत असे काही संशोधक मानतात. काही मानत नाहीत. पुढे कांस्ययुगात धातूच्या कड्या आल्या आणि घोडदळाबरोबर जगभर पसरल्या. आपल्या भागाला घोडदळाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. शेजारच्या जामखेड तालुक्यात चौंडी आहे, 1725 साली तिथे अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला. त्याच तालुक्यातल्या खर्ड्याला मार्च 1795 मध्ये मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. उजव्या हातात भाला किंवा तलवार घेतलेल्या बारगिराला डाव्या हाताच्या एका झटक्यात घोडा वळायला हवा असे. जीव वाचवण्याचा प्रश्न असताना घोड्याच्या हिरड्यांचा विचार कुणी करणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. लढाया संपल्या, कडी मात्र राहिली, आणि आता ती जत्रेत मुलांना चक्कर मारून आणणाऱ्या तट्टाच्याही तोंडात असते.

ज्या घोड्यावर ही लढाऊ परंपरा उभी राहिली तो भीमथडी घोडा मधल्या काळात जवळजवळ विसरला गेला होता. इंग्रजांच्या गॅझेटियरांनीच त्याच्या ऱ्हासाची नोंद केली होती. तो शिल्लक राहिला तो मेंढपाळांच्या वाड्यांवर, ओझ्याचे जनावर म्हणून. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्याला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. बुटका, काटक, कमी चाऱ्यावर निभावणारा हा घोडा आता पुन्हा चर्चेत आहे. बेताच्या वेळी मला महत्त्वाचे वाटते ते त्याचे डोके. बाजारात मिळणारा तयार लगाम त्याच्या डोक्यावर ढिला बसतो, नाकपट्टी घसरत खाली येते, आणि नेमकी जिथे नको तिथे टेकते. का नको, ते कळायला घोड्याचे तोंड आणि नाक दोन्ही जवळून पाहायला हवे.

शांत घोड्याचा ओठ हलकेच बाजूला सारून पाहा. पुढे गवत कातरणारे दात, मागे दाढा, आणि मध्ये तीन-चार बोटांची रिकामी जागा. घोड्यांमध्ये, विशेषतः नरांत, या जागेत एखादा सुळा असतो. बाकी नुसती हिरडी. कडी याच फटीत बसते. तिथे बोट फिरवले की हिरडीखाली जबड्याचे हाड लागते, अरुंद आणि वरून धारदार. त्यावर मांस नाही, पातळ कातडी आहे. लगाम ओढला की लोखंड एका बाजूला या धारेवर आणि दुसऱ्या बाजूला जिभेवर दाबते. तोंड उघडणे, जीभ बाहेर काढणे, मान झटकणे, फेस गाळणे याला आपल्याकडे घोड्याचा ‘ताव’ म्हणतात. त्यातला बराचसा ताव म्हणजे दुखणे असते.

हे पद्धतशीरपणे मांडले ते रॉबर्ट कुक यांनी. हे ब्रिटिश पशुवैद्य अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. घोड्याचे नाक, घसा आणि श्वास यांच्या विकारांवर त्यांनी आयुष्यभर काम केले. संग्रहालयांतल्या घोड्यांच्या कवट्या तपासताना त्यांना दातांमधल्या त्या मोकळ्या हाडावर काटे उगवल्यासारखी हाडाची वाढ दिसली. सतत दाब आणि इजा झाली की हाड असे वागते. 1999 मध्ये त्यांनी कडीच्या दुष्परिणामांवर निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच सुमारास पट्टे जबड्याखालून फुलीसारखे नेणारा लगाम लोकांसमोर आणला. या लगामाची मूळ कल्पना त्यांची नव्हती. तिचे पेटंट दुसऱ्या एका अमेरिकन माणसाच्या नावावर होते. घोड्याच्या कितीतरी वाईट सवयींचे आणि श्वासाच्या विकारांचे मूळ कुकनी कडीत शोधले. इथे वाचकाने थोडे सावध राहावे. कुक तो लगाम विकतही होते, आणि कडीचा व बिनकडीचा लगाम समोरासमोर ठेवून 2009 साली प्रसिद्ध झालेली त्यांची तुलना चार घोड्यांची होती. चारही घोडे बिनकडीच्या लगामात अधिक चांगले वागले, हे खरे. पण चार म्हणजे चारच. त्यांचे शरीरशास्त्र पक्के आहे, दावे मात्र पारखून घ्यावेत.

त्यांच्या लगामाची रचना सांगण्यासारखी आहे. डोक्यामागून आलेले दोन पट्टे जबड्याखाली एकमेकांना ओलांडतात, नाकपट्टीच्या बाजूंच्या दोन गोल कड्यांतून (या तोंडातल्या कड्या नव्हेत) बाहेर पडतात आणि स्वाराच्या हातात येतात. उजवा लगाम ओढला की डाव्या गालावर ढकल बसते आणि डोके उजवीकडे वळते. दाब एका बिंदूवर न येता डोक्यामागे, गालांवर, जबड्याखाली आणि नाकावर विभागतो. कल्पना सुंदर आहे. तिची खोड अशी की हात सैल सोडला तरी पट्टा कधी कधी कडीत अडकून राहतो, ताण सुटत नाही. घोड्याला ‘बरोबर केलेस’ हे ताण सुटण्यातून कळते. तो सुटलाच नाही तर शिक्षणही थांबते. नायलॉनच्या पट्ट्यात हे जास्त होते. गुळगुळीत, जरा ताठ कातडे आणि मोठी गोल कडी असेल तर कमी होते.

दुसरा प्रकार साधा, त्याला साइडपुल म्हणतात. रुंद नाकपट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक कडी आणि तिथूनच लगाम. डावी ओढ म्हणजे डावीकडे. म्हणजे आपली मोरकीच, फक्त हनुवटीखालची एक गाठ सोडून तिच्या जागी गालांवर दोन कड्या. या पुस्तकातला मुख्य नमुना तोच आहे. तिसरा प्रकार यांत्रिक हॅकमोरचा, बाजूला लांब दांड्या आणि हनुवटीखाली साखळी. आंतरराष्ट्रीय उडी-स्पर्धांत त्याला परवानगी आहे आणि कसलेले स्वार तो छान वापरतात. पण दांडी ही तरफ आहे. हाताने दिलेली ओढ नाकावर कितीतरी पट होऊन पोचते. नवशिक्याच्या हातात तो कडीइतकाच क्रूर ठरतो, म्हणून त्याचा साचा मी मुद्दाम दिलेला नाही.

लोखंड काढले की दया आपोआप येते असे समजू नये, म्हणून नाकाबद्दल सविस्तर लिहितो. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, त्याचा सगळा श्वास नाकातूनच चालतो. नाकाचे हाड वर जाड असते आणि खाली उतरता उतरता निमुळते होऊन कूर्चेत संपते. नाकपट्टी त्या टोकावर बसली तर ती श्वास दाबते, आणि जोराच्या झटक्यात ते हाड मोडूही शकते. गालावर डोळ्याखालून नाकाकडे उतरणारी हाडाची एक ठळक कड हाताला लागते. ती संपते त्याच्या दोन बोटे खाली नाकपट्टी यावी, त्याहून खाली नाही. फार वर नेली तर ती त्याच कडेवर घासते, आणि तिथून चेहऱ्याच्या शिरा आणि मज्जातंतू जातात. पट्टी बंद केल्यावर नाकाच्या मधोमध, वरच्या बाजूला, दोन बोटे आडवी सहज जायला हवीत. बाजूला गालापाशी बोटे घालून पाहणारे स्वतःची फसवणूक करतात, कारण तिथे नेहमीच जागा असते.

वाड्यावरच्या घोड्यांच्या नाकावर पांढऱ्या केसांचा आडवा पट्टा पुष्कळदा दिसतो. जखम भरल्यावर केस पांढरे उगवतात. हे काम नायलॉनच्या दोरीचे. पूर्वी मोरक्या केकताडाच्या, अंबाडीच्या, सुताच्या दोराच्या असत. मातंग समाजातले कारागीर बाजारात दावी, कासरे, चऱ्हाटांबरोबर त्या विकत. दोर जाड असे, घाम पीत असे, आणि फार ताण आला तर तुटतही असे, हा त्याचा गुण होता. नायलॉन स्वस्त आहे, कुजत नाही, तुटत नाही आणि कातडीत रुततो. बिनकडीच्या लगामाच्या आधी नायलॉनची मोरकी बदलली तरी या भागातल्या घोड्यांचे अर्धे भले होईल. पहिले प्रकरण त्यासाठीच ठेवले आहे आणि त्यात विकण्यासारखे फारसे काही नाही.

सामानाचा विचार करताना मला मौज वाटली ती लोकरीची. दख्खनी मेंढीची लोकर भरड, काळसर. तिला आज जवळजवळ किंमत नाही. घोंगडी विणणारे कमी झाले आणि मेंढपाळाला कातरणीचे पैसेही सुटत नाहीत. राहुरीच्या कृषी विद्यापीठात या मेंढीवर अनेक वर्षे काम चालू आहे, पण लोकरीचा प्रश्न बाजाराचा आहे. नाकपट्टीच्या आतल्या अस्तराला हीच लोकर दाबून केलेला नमदा उत्तम. तो घाम शोषतो, उन्हात वाळतो आणि दाब पसरवतो. भरडपणा टोचू नये म्हणून त्यावर धुतलेल्या सुती कापडाचा एक थर घालावा. नाकपट्टी दीड इंच रुंद, कडा आत वळवलेल्या, शिलाई मेण लावलेल्या दोऱ्याची आणि दोन सुयांची, म्हणजे एक टाका तुटला तरी पुढचे उसवत नाहीत. ज्याच्याकडे आरी आणि रापी आहे आणि ज्याने चार वर्षे चपला शिवल्या आहेत, त्याला हे काम अवघड नाही. कड्या आणि बकले गंज न चढणाऱ्या पोलादाची घ्यावीत. मुलामा दिलेले लोखंड दोन पावसाळ्यांत खरखरीत होते आणि पट्टा कापू लागते. बकल हाडावर येऊ द्यायचे नाही, ते गालाच्या मांसल भागावर यावे.

विक्रीचे प्रकरण शेवटी असले तरी मला सगळ्यात महत्त्वाचे तेच वाटते. चांगली वस्तू आपोआप खपते असे मानणाऱ्याने सारंगखेड्याच्या बाजारात उभे राहून पाहावे. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या या बाजारात देशभरातून घोडे येतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि अकलूजच्या बाजारातही तेच गिऱ्हाईक. मारवाडी, काठेवाडी घोड्यांची मान कमानीसारखी दिसावी, पाय नाचावेत, यासाठी तिथे जी कडी वापरतात तिला कधी कधी काटे असतात. या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, “थांबतो का?” आणि दुसरा, “दिसतो कसा?” किंमत तिसरी. घोड्याच्या वेदनेवर भाषण देऊन यातला एकही प्रश्न सुटत नाही.

‘थांबतो का’ याचे उत्तर बोलून नव्हे, घोडा थांबवून द्यावे लागते. तीनशे किलोंच्या जनावराला माणसाच्या मनगटाचे बळ कधीच थांबवत नव्हते, सवय थांबवत होती. भेदरलेला घोडा कडी तोंडात असूनही उधळतो. दुखले की तो दुखण्यापासून पळतो, आणि दुखणे तर त्याच्याच तोंडात असते. म्हणून लगाम विकणाऱ्याने शिकवणेही विकले पाहिजे. आधी जमिनीवरून, बंदिस्त जागेत. मग काही दिवस दोन्ही लगाम एकत्र, कडीचा सैल आणि नाकपट्टीचा हातात. मग हळूहळू कडी काढायची. याला किती दिवस लागतील ते घोडा ठरवतो. गिऱ्हाइकाला तारीख देऊ नये.

मग आधी कुणाला विकावा? माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीच्या घोडेवाल्यांना. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने घोडा तिथे रोजच्या वाहतुकीचाच भाग आहे. या घोड्यांवर बसणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसलेला असतो. तोल जाऊ लागला की तो लगामाला लोंबकळतो आणि साठ-सत्तर किलोंचा हिसका थेट जबड्यावर बसतो. बरेचदा घोडेवाला शेजारून दोर धरून चालतच असतो, म्हणजे कडीची गरजही नसते. इथे बिनकडीचा लगाम सगळ्यात सोपा, सगळ्यात सुरक्षित आणि पर्यटकाला दाखवण्यासारखाही आहे. दुसरे गिऱ्हाईक पुण्या-मुंबईच्या घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळा, कारण तिथेही हात कच्चेच असतात. लग्नातल्या घोड्यांकडे मी सर्वांत शेवटी वळेन. डीजे, फटाके, पाठीवर भरजरी नवरदेव आणि भोवती नाचणारे पन्नास जण, अशा ठिकाणी नवा लगाम आजमावणे म्हणजे घोड्याचे आणि आपल्या धंद्याचे दोन्हींचे नुकसान. खरे तर त्या गोंगाटात घोडा नेऊच नये, पण तो या पुस्तकाचा विषय नाही.

कानपूरचा खोगीर-लगामाचा धंदा जुना आणि नावाजलेला आहे, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. तिथला माल युरोप-अमेरिकेला जातो आणि म्हणून त्याची मापे तिकडच्या घोड्यांच्या डोक्यांची असतात. त्यांच्याशी किमतीत स्पर्धा करण्याच्या फंदात इथल्या कारागिराने पडू नये. आपला फायदा मापात आहे. गिऱ्हाइकाच्या घोड्याजवळ शिंप्याची टेप घेऊन जावे आणि तीन मापे घ्यावीत: नाकाचा घेर, गालापासून कानांमागून दुसऱ्या गालापर्यंतचे अंतर आणि कपाळाची रुंदी. आठवड्याने पुन्हा जावे. कुठे केस घासले असतील ते पाहावे, लागले तर एक भोक वाढवून द्यावे. ही दुसरी फेरी किमतीतच धरावी. ज्याला अख्खा लगाम परवडत नाही त्याला जुन्याच लगामाचा डोक्यावरचा पट्टा ठेवून फक्त कड्या लावलेली नाकपट्टी द्यावी. माझ्या मते खरा खप याच वस्तूचा होईल.

कायद्याचा आधारही आहे. ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांवरील क्रूरता रोखण्यासाठी 1965 साली केलेल्या केंद्रीय नियमांनी काटे, गाठी किंवा टोके असलेली कडी वापरायला बंदी घातली आहे. त्याच नियमांत तट्टाच्या पाठीवर 70 किलोंहून जास्त ओझे घालू नये असेही आहे. काटेरी कड्यांविरुद्ध पेटा इंडियासारख्या संस्थांनी मोहिमा चालवल्या, सांगली-सोलापूरकडे अ‍ॅनिमल राहत ही संस्था कामाच्या जनावरांसाठी राबते. तरी यात्रेच्या दुकानांत या कड्या उघड टांगलेल्या असतात. पोलिसांच्या धाकाने त्या दुकानातून पेटीत जातील, एवढेच. तेवढ्याच पैशात दुसरी वस्तू शेजारच्या दुकानात टांगलेली असली तर गिऱ्हाईक निदान हातात घेऊन पाहील.

पुस्तकाच्या मागे जोडलेले कागदी साचे तीन मापांचे आहेत: तट्टू आणि भीमथडी, काठेवाडी-मारवाडी, आणि थरोब्रेड. ते कुणाच्या मालकीचे नाहीत. चांभाराने, शिंप्याने, दोर वळणाऱ्याने, ज्याला हवे त्याने उतरवून घ्यावेत, बदलावेत आणि आपल्या नावाने विकावेत. भीमथडीचा साचा अजून पक्का मानू नये. वेगवेगळ्या वाड्यांवरच्या जास्त घोड्यांची मापे मिळाली तर पुढच्या आवृत्तीत तो सुधारता येईल. त्यासाठी मेंढपाळ बांधवांनी, आणि विशेषतः घोडी हाताळणाऱ्या मायबहिणींनी, मापे घेऊ द्यावीत ही विनंती. आणि ज्याच्या घोड्याच्या तोंडात आज काटेरी कडी आहे त्याने ती आजच काढावी. त्यासाठी हे पुस्तक वाचून होण्याची वाट पाहू नये.